बुंदीच्या डोळ्याखालचा भोवरा

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, सख्ख्या बहिणीला न्हाई, ज्यांच्यासोबत शाळेत अर्धं आयुष्य चहा पिण्यात गेलं त्या मास्तरलोकांनाही न्हाई. तेरा वर्षं झाली. आज कागद घेऊन बसलो तर पहिलंच वाक्य तीनदा खोडलं — अन् वरून पेनावरच चिडलो, त्या पेनानंच काही केल्यासारखं. लिहायला बसलं की माझी भाषा इस्त्री करून येते, वर्गात उभं राहिल्यासारखी. ती इस्त्री आज नको. घरात बोलतो तसंच लिहून राह्यलो, चालवून घ्या.

गोष्ट एका घोडीची आहे. अन् माझ्या थोरल्या लेकीची, प्रज्ञाची. मी त्या घोडीबद्दल एक खोटं बोललो. एकच वाक्य. घोडी गेली, पण ते वाक्य माझ्या लेकीच्या डोक्यात राहिलं, अन् मागच्या महिन्यात ते तिच्या तोंडातून बाहेर आलं — चार पाहुण्यांसमोर, चहाच्या आधी. आता तिचं लग्न त्या वाक्यापाशी अडकून बसलंय. म्हणून लिहितोय. न्हाईतर मी कसला लिहितो?

थांबा. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे खोटं किती मोठं होतं ते कळंल.

मी बदनापूरजवळच्या एका शाळेत विज्ञानाचा मास्तर. गावातच घर अन् थोडी शेती, त्यात मोसंबीची बाग. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी घरातले सगळे देव टोपल्यात भरून दुधना नदीत सोडले, त्या टोपल्याची गोष्ट ऐकतच मी मोठा झालो. पुढं मी स्वतः गावोगाव जाऊन प्रयोग करून दाखवायचो. जिभेवर जळता कापूर ठेवायचा, नारळ पाण्यानं पेटवायचा, अन् मंग माईकवर विचारायचं — सांगा, यात देव कुठं होता अन् भूत कुठं होतं? लोक टाळ्या वाजवायचे. मला त्या टाळ्या लई आवडायच्या. हेही लिहून टाकतो, आज काही झाकायचं न्हाई.

प्रज्ञाच्या डोक्यात दोन भोवरे. जन्मापासून. तान्ही असताना आक्कानं — आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याच गल्लीत राहते — तिच्या टाळूवरून हात फिरवला अन् बोलून गेली, "अगं बाई! दोन भोवरे! या पोरीला दोनदा बाशिंग बांधावं लागतंय बघ." झालं, माझं डोकं फिरलं. एवढा ओरडलो, एवढा ओरडलो की आक्का पंधरा दिवस आमचा उंबरा चढली न्हाई. आजोबांनी नदीत सोडलं ते तू पदरात बांधून परत आणलंस का, असंही बोललो. चांगलं वाक्य होतं. माझी वाक्यं चांगलीच असायची.

पोरगी मोठी झाली तशी तिला मी समजावून सांगितलं. केस कोणत्या अंगाला वळायचे ते आईच्या पोटातच ठरतं. त्याचा लग्नाशी काय संबंध? तिनं ते एवढं मनावर घेतलं की दहाव्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषयच तो घेतला. दोनशे पानी वही. त्यात रेघा मारून रकाने — नाव, भोवरे किती, कुठं, काय झालं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना टोप्या काढायला लावायची. बायकांचे अंबाडे सोडायला लावायची. एक दिवस उड्या मारतच घरी आली, "बाबा, किसनतात्याला भोवरा एकच, अन् बायका दोन!" मी एवढा हसलो की ठसका लागला. बाप म्हणून मला त्या दिवशी जे वाटलं ना — ते पुन्हा कधी वाटलं न्हाई. ते का वाटलं न्हाई तेच सांगायला बसलोय.

तर घोडी.

गल्लीत एक लग्न होतं. वरातीच्या आधी घोडेवाल्यानं माझ्या दोन्ही पोरींना, दहा वर्षांच्या प्रज्ञाला अन् सात वर्षांच्या मैत्रीला, घोडीवर बसवून दहा पावलं फिरवलं. बास! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय न्हाई. बाबा घोडा, बाबा घोडा, बाबा घोडा. माझी बायको वंदना म्हणाली, "सायकल घ्या त्यांना, सायकल." बरोबर बोलली होती. पण माझ्याही मनात होतंच ना! आमच्या आजोबांच्या लग्नात घोडं न्हवतं. का न्हवतं ते सांगत बसत न्हाई, तुम्हाला कळतं. मंग माझ्या पोरींच्या दारात घोडं का नसावं?

घोड्यातलं मला काय कळत होतं? शून्य. बिलकुल शून्य. पण हे मी तेव्हा मानलं असतं तर मी मास्तर कसला? मला वाटलं, लहानपणापासून बैल राखले, गाईची वेतं केली, घोडं म्हणजे वेगळं काय असणार? चार पाय अन् एक शेपूट.

हसनाबादकडं गफूरभाई म्हणून एक माणूस होता. लग्नात घोड्या द्यायचा. त्याच्याकडं एक बुटकी घोडी विकायची आहे असं कळलं. रविवारी पोरींना घेऊन गेल्तो. घोडी म्हणजे तट्टूच — बदामी रंग, अंगावर बारीक ठिपके, डोळे एकदम गरीब. मैत्रीनं जागेवरच नाव ठेवलं, बुंदी. मी बाह्या सरसावून पुढं झालो अन् बैलाचे दात बघतात तसं तिचं तोंड उघडलं. उघडलं तर वर पण दात! बैलाला वरच्या जबड्यात पुढं दात नसतात. मी दचकून हात मागं घेतला. वर्गात मी हाच धडा शिकवायचो हो — कोणत्या जनावराला कुठं दात असतात त्याचा. गफूरभाई मिशीतल्या मिशीत हसला.

मंग त्यानं आम्हाला बसवून एकेक गोष्ट सांगितली. काम नसलं तर दाणा कमी द्या, घोडं दाण्यानं चढतं. रोज फिरवा. एकटी बांधू नका, घोड्याला एकटं करमत न्हाई, शेजारी शेळी तरी ठेवा. अन् खोगिराचा तंग — तो पोटाखालून जाणारा पट्टा — दोनदा कसायचा. पहिल्यांदा कसताना घोडी पोट फुगवून घेते. थोडं चालवायची, पोट खाली बसलं की पुन्हा कसायचा, मंगच पोराला वर बसवायचं. प्रज्ञा मन लावून ऐकत होती. मी? मी मान हलवून राह्यलो होतो. मनात म्हणत होतो, घोडीला शेळीची सोबत! उद्या म्हणशील टीव्ही लावा तिला.

शेवटी तो म्हणाला, "मास्तर, एक गोष्ट छुपवत न्हाई. उद्या कुणी म्हणायला नको गफूरनं फसवलं." अन् त्यानं घोडीच्या डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. तिथं केसांचा बारीक भोवरा होता, आसवं ओघळतात बराबर त्या जागेवर. अशा घोड्याला आसूढाळ म्हणतात. मालकाला रडवतं म्हणे. नवरदेवाकडचे लोक आधी भोवरे बघतात, म्हणून लग्नाला तिला कुणी नेईना, म्हणून तो विकत होता.

मला तर आयतंच मैदान मिळालं! गफूरभाईच्या अंगणात उभं राहून मी भाषण ठोकलं. केस, त्वचा, गर्भ, आजोबांची टोपली, सगळं. त्याचे दोघं-तिघं पाव्हणे बसलेले होते, ते पण ऐकून राह्यले. प्रज्ञा घोडीजवळ गेली. त्या भोवऱ्यावर तिनं हळूच बोट फिरवलं, मंग स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाली, "बाबा, माझ्यासारखाच."

ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं न्हाई.

घोडी घरी आली. अन् माझी जी जिरली म्हणता! मी तिला बैलासारखी बांधली — गोठ्यात, एकटी, आखूड दोरानं. सकाळ-संध्याकाळ सरकीची पेंड, वर मक्याचा भरडा, बैलाला घालतात तसा घमेलंभर. काम काहीच न्हाई. आठव्या दिवशी ती खुरांनी जमीन उकरायला लागली. दहाव्या दिवशी माझ्या दंडाला चावली. एक दिवस दोर सोडवून बागेत शिरली अन् मोसंबीच्या सात-आठ झाडांची साल सोलून काढली, पार पांढरी खोडं केली. मी वेड्यासारखा मागं पळतोय, ती पुढं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देतोय. कुणी म्हणतं गूळ दाखवा, कुणी म्हणतं मागून जाऊ नका, अन् एक भाद्दर गाडीवरूनच ओरडला, "मास्तर, वरात कवा हाय?" सांगा, काय करावं अशा लोकांचं? मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक म्हणतो प्रेम करा, दुसरा म्हणतो मालक कोण ते दाखवून द्या. शाळेतून दमून यायचं अन् त्या घोडीच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं, ही माझी संध्याकाळ. इतका वैताग मला कुठल्याच जनावरानं आणला न्हवता.

गफूरभाईला एक फोन केला असता तर? एक फोन! नंबर होता ना माझ्याकडं. पण ज्याच्या अंगणात भाषण दिलं त्यालाच विचारायचं, की बाबा, घोडीला खायला काय घालू? न्हाई झालं माझ्याच्यानं.

पोरींचं मात्र तिच्याशी जमलं होतं. प्रज्ञा रोज खरारा करायची. आक्काची शेळी आणून तिनं गोठ्यात बांधली, तशी घोडी थोडी निवळली. मी ते पाहिलं, अन् कबूल केलं न्हाई. म्हणालो, हवा बदलली म्हणून निवळली.

आता त्या रविवारचं सांगतो. आत्तापर्यंत मी इकडून तिकडून फिरून राह्यलो, ते तुमच्या ध्यानात आलंच असंल.

सकाळची वेळ. बागेशेजारच्या मोकळ्या रानात मैत्रीची बसायची पाळी होती. खोगीर मी घातलं. तंग मी कसला. एकदा. घोडी पोट फुगवून उभी. मी मैत्रीला उचलायला वाकलो तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "बाबा, थोडं चालवून पुन्हा कसा ना. गफूरचाचा बोलले होते." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिनं पुन्हा सांगितलं. दोनदा सांगितलं तिनं. अन् मी तिच्यावर खेकसलो — "मास्तर तू हाय का मी?"

मैत्रीला बसवलं. घोडी वीस-पंचवीस पावलं चालली असंल, पोट खाली बसलं, खोगीर एका अंगाला फिरलं अन् पोर डोक्यावर न्हाई पण कोपरावर पडली. आवाज मला ऐकू आला. अन् हे लिहायलाच पाहिजे — बुंदी जागची हलली न्हाई. खोगीर पोटाखाली लोंबकळतंय, पायांमध्ये पोर किंचाळतीय, अन् ती चारही पाय रोवून उभी. उधळली असती तर काय झालं असतं, तुम्हीच विचार करा. ज्या घोडीला मी महिनाभर शिव्या घातल्या तिनं माझ्या लेकीवर पाय पडू दिला न्हाई.

जालन्याला नेलं. कोपर मोडलं होतं. हाताला प्लास्टर घालून दिवस मावळायच्या आत घरी परत आल्तो तर अंगणात सगळी गल्ली जमलेली. आक्का पुढं. वंदनाला मी दवाखान्यात धड काही सांगितलंच न्हवतं. ती माझ्यासमोर उभी राहिली अन् सगळ्यांदेखत विचारलं, "कसं झालं हे?"

सोपं होतं हो. पाच शब्द. तंग ढिला राहिला, माझी चूक. संपलं असतं. वंदना दोन दिवस बोलली नसती, लोक हसले असते, म्हणले असते मास्तरला घोडं कळत न्हाई. बस, एवढंच झालं असतं! पण मी तोंड उघडायच्या आधी प्रज्ञा बोलली. "आई, तंग पुन्हा कसायचा —"

मी तिला वाक्य पुरं करू दिलं न्हाई. "तंगाचं काही न्हाई," म्हणालो. "घोडीच आसूढाळ हाय. डोळ्याखाली भोवरा हाय तिच्या. गफूरभाईनं सांगितलं होतं, मीच मानलं न्हाई."

हेच ते. हेच वाक्य.

बघा त्यात काय काय केलं मी. स्वतःला दोष पण देऊन घेतला — 'मीच मानलं न्हाई' — म्हणजे लोकांना माझीच कीव यावी! अन् आलीच. आक्कानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे रे, भाऊ," म्हणाली, "उशिरा का व्हईना, कळलं ना." सगळ्यांनी समाधानानं माना हलवल्या. माझ्या एवढ्या भाषणांनी जे झालं न्हवतं ते त्या एका वाक्यानं झालं. सगळी गल्ली माझ्याशी सहमत.

प्रज्ञा माझ्याकडं बघत होती. तिनं खोगीर फिरताना पाहिलं होतं. तिनं आधीच सांगितलं होतं. तिला खरं माहीत होतं, अन् तिच्या बापानं, विज्ञानाच्या मास्तरानं, सगळ्यांसमोर सांगितलं की तुला दिसलं ते खरं न्हाई, भोवरा खरा. दहा वर्षांचं पोर काय करणार? तिनं माझ्याकडं पाहिलं, मंग गोठ्याकडं पाहिलं, अन् तिचा हात डोक्याकडं गेला. मी पाहिलं ते. कळलं मला. तेव्हाच कळलं. कुणी म्हणंल तुझ्या ध्यानात आलं नसंल — न्हाई, आलं होतं.

तीन दिवसांनी गफूरभाई टेम्पो घेऊन आला. मीच निरोप पाठवला होता, घोडी घेऊन जा म्हणून. गोठ्यात त्यानं आधी घोडीच्या अंगावरून हात फिरवला, मंग खोगीर उचललं, तंगाचा पट्टा बघितला अन् विचारलं, "मास्तर, कोणत्या भोकात लावला होता?" उत्तर तो पट्ट्यावरच्या वळावरून वाचत होता. बाहेर लोक उभे होते म्हणून तो आवाज खाली घेऊन बोलला, "अनपढ माणसानं भोवऱ्याचं नाव घेतलं तर मी सोडून देतो. तुम्ही घेतलं. आता हिला कोण घेणार?"

अन् खरंच कुणी घेतलं न्हाई. गोष्ट पसरलीच होती — सायन्सचा मास्तर सोता बोलला म्हणे, मंग काय राहिलं! काही महिन्यांनी त्याचा फोन आला. घोडी परतूरकडं वीटभट्टीवर दिली, तुम्हाला सांगावं वाटलं, एवढंच बोलला. मी 'बरं' म्हणालो. कोणत्या भट्टीवर, ते विचारलं न्हाई. त्यानंतर परतूरला जायचं काम निघालं की मी कायतरी कारण काढून टाळायचो. तीन-चार वेळा टाळलं.

विज्ञान प्रदर्शनात प्रज्ञानं पाण्याच्या गाळणीचा प्रयोग ठेवला. भोवऱ्यांची वही मला रद्दीच्या गठ्ठ्यात सापडली. उघडून बघितली. किसनतात्या होता, आक्का होती, मैत्री होती, प्रज्ञा स्वतः होती. अन् अगदी शेवटी, त्याच रेघांत, त्याच बारीक अक्षरात — बुंदी. एक. डाव्या डोळ्याखाली. मैत्रीचा हात मोडला. अन् पुढं लिहिलं होतं, 'बाबांनी सांगितलं.'

मी काय करावं? कोणत्याही बापानं काय केलं असतं? तिला हाक मारली असती. मी ती वही शाळेत नेली अन् माझ्या कपाटात, प्रयोगाच्या बाटल्यांच्या मागं ठेवून दिली. तेरा वर्षं ती तिथंच होती. रोज ते कपाट उघडायचो मी.

प्रज्ञानं केस मागं ओढून, वरून रुंद चाप लावायला सुरुवात केली. दोन्ही भोवरे झाकतील असा. कुणाला डोक्याला हात लावू द्यायची न्हाई, आईला पण न्हाई, स्वतःची वेणी स्वतः घालायची. वंदना म्हणायची मोठी झाली पोरगी. मी पण म्हणायचो, मोठी झाली. अन् तेव्हा पण माझी भाषणं चालूच होती बरं का! गावोगाव. नारळ, कापूर, टाळ्या. लाज? असती तर थांबलो असतो.

मैत्रीचा हात अजून पुरता सरळ होत न्हाई. ती हसण्यावारी नेते. तिचं मला एवढं भय न्हाई. थोरलीचं आहे. ती आता जालन्याला एका लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांचं रक्त तपासते, आकडा एका घरानं चुकला तर पुन्हा सगळं करते. इतकी चोख पोरगी.

मागच्या महिन्यात तिला पाहायला पाव्हणे आल्ते. मुलगा, त्याचे आई-वडील, मामा. चांगली माणसं, साधी. मुलाचे वडील तर माझं भाषण ऐकलेले. चहा यायचा होता. प्रज्ञा येऊन बसली, अन् कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "एक गोष्ट आधी सांगते. नंतर कुणी म्हणायला नको की लपवून ठेवलं." तिनं चाप काढला. मान खाली घातली. "माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत."

गफूरभाईचंच वाक्य. त्याच्या अंगणातलं. घोडी विकताना बोललेलं.

मुलाची आई हसली, प्रेमानं हसली. "अगं पोरी, आम्ही न्हाई मानत असलं काही." वडील माझ्याकडं वळले, "सर, तुमच्या घरात हे?" सगळे माझ्याकडं बघून राह्यले. तेरा वर्षांनी तेच अंगण, तोच प्रश्न. अन् मी काय केलं? मी हसलो. म्हणालो, "थट्टा करतीय हो. लहानपणापासून खोडकर हाय."

प्रज्ञानं चाप पुन्हा लावला.

त्यांचा होकार दुसऱ्याच दिवशी आला. प्रज्ञानं अजून उत्तर दिलेलं न्हाई. मुलगा तिला आवडलाय, ते तिनं आईला सांगितलं. अन् हेही सांगितलं — "इतकी चांगली माणसं आहेत गं. माझ्यामुळं त्यांच्या घरात कुणाला काही झालं तर?" वंदनानं मला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती अन् विचारत होती, हे पोरीच्या डोक्यात कुठून आलं? तुम्ही एवढं शिकवलं तिला, मंग कुठून आलं? आक्काकडूनच आलं असंल, असं ती म्हणाली. आक्काला आता नीट ऐकू पण येत न्हाई. मी वंदनाला म्हणालो न्हाई की आक्काकडून न्हाई आलं. मी खिडकीतून बाहेर बघून राह्यलो.

पाव्हण्यांनी परवापर्यंत कळवा म्हणून निरोप पाठवलाय.

आज शाळेतून येताना वही घेऊन आलोय. झुरळांनी कडा खाल्ल्यात, पण रेघा सरळ आहेत. शेवटच्या ओळीत 'बाबांनी सांगितलं' यावर मी काट मारली. त्याखाली तिच्याच रकान्यांत लिहिलं — बुंदी. तंग बाबांनी कसला, एकदाच. पुन्हा कसा म्हणून प्रज्ञानं दोनदा सांगितलं होतं. घोडी जागची हलली न्हाई.

खाली सही केली. आता हे सगळे कागद, आधी तिनंच वाचावेत म्हणून, त्या वहीत घालतो. वही तिच्या टेबलावर ठेवतो. ती साडेपाचच्या बसनं येते.